दुसऱ्यांची नदी

अस्थी घरात ठेवत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गावी अंगणाबाहेरच्या झाडाला कलश बांधतात आणि विसर्जनाला निघताना तिथूनच सोडवून नेतात. पण शारजात, अल नहदाच्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईनं झाड कुठून आणायचं? खाली पार्किंगच्या तोंडाशी नगरपालिकेची खजुराची झाडं आहेत, पण खजुराला कुठे फांदी असते? आणि वॉचमनला काय सांगणार, भाईसाब, जरा आमच्या साहेबांवर लक्ष ठेवा? म्हणून मी ह्यांना ह्यांच्याच गाडीत ठेवलं.

गाडी बेसमेंटमध्ये उभी असते. तांब्याचा कलश, तोंडाला लाल फडकं, भोवती जुना टॉवेल, आणि सगळं मिळून ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, म्हणजे माझ्या जागी. वर पट्टा लावला. हसू नका, माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. मला गाडी येत नाही. दोनदा टेस्ट नापास झाल्यावर हे म्हणाले, "तू बस ना गं मजेत, मी आहे की." आता मी ड्रायव्हरच्या जागी बसते आणि हे माझ्या. संध्याकाळी दूध-भाजीच्या नावानं खाली उतरते, घटकाभर दार लावून बसते. शाळेत कोणी काय केलं, आठवीच्या वर्गानं गणितात काय दिवे लावले, सगळं सांगते.

हे दुबईत रास अल खोरला स्पेअर पार्टच्या गोदामात होते. गाव लांजा तालुक्यातलं, मुचकुंदी नदीच्या काठचं. मिसरूड फुटलं तेव्हा इथे आले आणि पुढे इथलेच झाले, पण एक सवय काही सुटली नाही. अंघोळीला बसले की पहिला तांब्या डोक्यावर घ्यायच्या आधी सगळ्या नद्यांना हाका मारायच्या. गंगा, यमुना, गोदावरी, सगळ्या जणी शारजाच्या त्या बाथरूममध्ये हजर व्हायच्या आणि शेवटी हळूच मुचकुंदी. मी बाहेरून चिडवायचे, अहो, समुद्राचं खारं पाणी मशीनमधून गोड करून नळाला सोडलंय, त्यात गंगा कुठून येणार? हे म्हणायचे, गंगेला पत्ता लागत नाही, नाव घेतलं की येते. हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकलं की मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं.

गेल्या वर्षी हे गेले. गोदामात जेवायला बसले होते, डबा उघडला आणि तिथेच कलंडले. खलास. माझा फोन शाळेच्या लॉकरमध्ये. मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलेलं.

आमची एकुलती एक लेक न्यूझीलंडला असते. जन्मली दुबईत, वाढली शारजात, शिकली दुबईच्या ऊद मेथातल्या शाळेत. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. तेव्हा तिला नववा महिना लागलेला. डॉक्टर विमानात बसू देईनात. तिनं आकांत मांडला, जावयाशी भांडली. इथलं सगळं तिनं फोनवर पाहिलं. फोन धरला होता गोदामातल्या एका माणसानं, त्याचा हात इतका कापत होता की तिला बापाचं तोंडसुद्धा धड दिसलं नाही. हे तिनं मला पुढे सांगितलं.

थोरले दीर मुंबईहून मागे लागले. दहाव्याच्या आत नाशिकला आण, रामकुंडात सोडू, मोकळं होऊ. मी तिकीट बघत होते तेवढ्यात लेकीचा फोन. ती मराठीत बोलत होती. म्हणाली, "आई, थांब. शेवटचं मला बघता आलं नाही. निदान सोडू तरी दे मला, माझ्या हातानं. एवढंच मागते."

मग मी थांबले. दिरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आत्मा लटकत राहतो म्हणाले. राहू दे, म्हटलं, तुमचं कसलं भाडं लागत नाही त्याला. पुढे किती तरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

नात झाली. ती जरा अंग धरून बसायला लागली आणि माझ्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली, तशी मी ह्यांना घेऊन न्यूझीलंडला निघाले. बेत लेकीचा होता. तिच्या शहरापासून काही तासांवर एक मोठी नदी आहे आणि तिच्या काठानं डोंगरातून एक रस्ता जातो. रस्त्यात माओरी लोकांच्या जुन्या वस्त्या. लेक तिथे जाऊन आली होती आणि तेव्हाच तिनं बाबांना फोटो पाठवले होते, की तुम्ही या, मी तुम्हाला ह्या रस्त्यानं नेते. ह्यांना नद्यांचं वेड. इथे पाऊस पडला रे पडला की सगळं जग घरात बसतं आणि हे मला नि पोरीला गाडीत घालून डोंगराकडे पळायचे, वादीतून, म्हणजे एरवी कोरड्याठाक असलेल्या ओढ्यातून, पाणी वाहताना बघायला. अर्ध्या दिवसात वादी कोरडी व्हायची. ते फोटो पाहून म्हणाले होते, रिटायर झालो की येतो, इन्शाल्ला. म्हणून लेकीनं ठरवलं, बाबांना त्याच नदीत सोडायचं. मग बाबा तिच्या जवळ राहतील. वाटेल तेव्हा पोरीला घेऊन नदीवर जाईल, सांगेल, हे बघ, इथे आजोबा.

मलाही ते पटलं. पाणी वाहतं आहे, नाव घ्यायचं अवकाश, गंगा येईलच. खरं सांगते, नदी कुणाची असते, तिला विचारावं लागतं, हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

तिथल्या विमानतळावर लोणच्यासाठी माझी बॅग उपसली. कलशाशी आल्यावर मी म्हटलं, माझे मिस्टर. तो गोरा अधिकारी टोपी काढून उभा राहिला आणि लोणचं विसरला.

जुलै, म्हणजे तिथला हिवाळा. सकाळीच निघालो. लेक गाडी चालवत होती, मागे नात तिच्या खुर्चीत, शेजारी मी, मांडीवर हे. रस्ता काय सांगू तुम्हाला. एका बाजूला कडा, त्याच्यावर ओली नेची लोंबलेली, दुसऱ्या बाजूला खोल खाली नदी. तपकिरी, संथ, भरलेली. मधूनच दरड आलेली आणि रस्ता एका गाडीपुरता. धुकं अडकून बसलेलं झाडांत. शारजाला इतकी वर्षं राहिल्यावर एवढं हिरवं एकदम बघितलं की डोळे दुखतात. मी कलशावरचं फडकं थोडं सैल केलं. वेडेपणाच, पण ह्यांना दिसावं असं वाटलं.

वस्त्यांची नावं गमतीची. मिशनरी आले तेव्हा त्यांनी बायबलातली आणि मोठ्या शहरांची नावं ठेवली आणि तिथल्या लोकांनी ती आपल्या तोंडात बसवून घेतली. एक वस्ती म्हणजे त्यांच्या भाषेतलं लंडन. चार घरं, एक घोडा आणि वाळत घातलेली पांघरुणं. पुढे जेरुसलेम, वळणावर एकदम उंच निमुळतं चर्च. लेक सगळं सांगत होती, वर्गात निबंध वाचल्यासारखं भराभर. मला कळत होतं, ती बोलायची थांबली तर रडेल. म्हणून मी उगाच प्रश्न विचारत राहिले.

एका वस्तीत पाण्याकडे उतरणारी पायवाट दिसली. शेजारी त्यांचं सभागृह, तांबड्या रंगाचं, कोरीव खांबांचं, पुढे पडवी आणि कापलेलं गवत. फाटकाशी माझ्याच वयाची एक बाई गवत गोळा करत होती. खांद्याला रुंद, पायात गमबूट, हनुवटीवर गोंदलेलं. लेक उतरली. संस्कार आड आले, दुसऱ्याच्या आवारातून जाताना विचारलं पाहिजे म्हणून तिनं विचारलं, खाली उतरू का. बाईनं गाडीत पाहिलं. माझ्या मांडीवरचं बघितलं आणि तिला न सांगताच कळलं.

ती गाडीपाशी आली. आधी मला कुठून आलात विचारलं. दुबई, म्हटलं, शारजा. ती म्हणाली तसं नाही, तुमचा डोंगर कुठला, नदी कुठली? त्यांच्यात ओळख अशी करून देतात. आधी डोंगर, मग नदी, मग माणसं आणि सगळ्यात शेवटी आपलं नाव. मी म्हटलं, ह्यांची नदी मुचकुंदी. हा शब्द मी त्या परक्या मुलखात मोठ्यानं उच्चारला आणि मला भडभडून आलं. मग तिनं लेकीला विचारलं, आणि तुझी?

शारजात वाढलेल्या मुलीला कुठली नदी? वादी, ती अर्ध्या दिवसाची? दुबईची क्रीक, तो समुद्राचा फाटा? तिनं मान हलवली आणि इंग्रजीत म्हणाली, मी जिथून आले तिथे नदी नाही. मग घाईघाईनं म्हणाली, म्हणून तर बाबांना इथे ठेवायचंय, मग माझी होईल.

त्या बाईनं नाही म्हटलं. आवाज चढवला नाही, पण नाही म्हटलं. ही नदी म्हणजे आमची पूर्वज आहे, म्हणाली. आम्ही हिच्यातले मासे खातो, हिचं पाणी पोरांच्या कपाळाला लावतो. आमच्यात गेलेलं माणूस पाण्यात सोडत नाहीत, जमिनीत ठेवतात, तिथे वर टेकडीवर. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि इथे तुमच्या माणसाला कोणी ओळखत नाही हो. तो एकटा पडेल."

ते खरं होतं. नळाच्या पाण्यातही गंगा बोलावणारी माणसं आम्ही, आम्हाला सगळ्या नद्या सारख्या. हिची नदी फक्त ही एकच होती. तिला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारून चालणार नव्हतं.

लेकीचा चेहरा उतरला. ती वळून गाडीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. मी निघायची भाषा केली तर ती बाई म्हणाली, असं कसं, मयताला घेऊन आलात, असेच नाही जायचं. चहा घ्या. पण कलश स्वयंपाकाच्या घरात चालणार नाही, तो पडवीत ठेवायचा. मी म्हटलं, बाई, आमच्यातही घरात आणत नाहीत, म्हणून तर इतके दिवस गाडीत आहेत. तिनं माझा हात धरला.

पडवीत तिनं एक विणलेली चटई आणून घातली. मी त्यावर ह्यांना ठेवलं. ती शेजारी बसली आणि तिच्या भाषेत काही तरी म्हणायला लागली, लांबलेल्या सुरात, मध्ये मध्ये ह्यांच्याशी बोलल्यासारखं. शब्द एक कळला नाही, फक्त त्यात एकदा मुचकुंदी ऐकू आलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचीही तसदी नाही. अहो, माझ्या नवऱ्यासाठी इतकं मोकळं कोणी रडलंच नव्हतं. शारजात सगळ्यांना परत ड्युटीवर जायचं होतं. मीसुद्धा दातांवर दात ठेवून वावरले. लेक पायरीशी येऊन बसली आणि तिनं इतक्या महिन्यांचा बांध तिथे फोडला. नात माझ्या कडेवर, सगळ्यांकडे टकामका बघत होती.

निघताना फाटकाशी नळ होता. त्या बाईनं आम्हाला हातावर पाणी घेऊन अंगावर शिंपडायला लावलं, मयताजवळून उठल्यावर तसं करतात म्हणाली. आम्हीही करतो, म्हटलं.

मला वाटलं, झालं. पण पुढे वळणावर लेकीनं गाडी बाजूला घेतली. तिथे ना घर ना माणूस. दगडांतून सरळ पाण्यापर्यंत उतरता येत होतं. ती मागे वळली आणि म्हणाली, दे.

मी म्हटलं, अगं, आत्ता त्या बाईनं काय सांगितलं?

"तिला कळणार नाही. कोणालाच कळणार नाही. आई, दे ना."

मी कलश पोटाशी धरला. म्हटलं, नाही. ज्या घरात आत्ता चहा प्यायलो, त्यांच्याच आजीच्या अंगावर नेऊन टाकायचं? तुझ्या बाबांनी तरी असं केलं असतं का?

ती म्हणाली, "तुझ्याकडे घर आहे. बाबांचे कपडे आहेत. गाडी आहे. तू रोज त्यांच्याशी बोलतेस. माझ्याकडे काय आहे? माझ्याकडे एक हलणारा व्हिडिओ आहे."

मी दिला नाही. रडले, तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, पण दुसऱ्या हातानं कलश धरूनच ठेवला. तिनं माझ्या हाताकडे बघितलं, मग समोर वळली आणि गाडी सुरू केली. पुढचे दिवस आम्ही नातीशी बोलत राहिलो, एकमेकींशी नाही. विमानतळावर ती वाकून नमस्कार करायला आली तो मला नव्हता, कलशाला होता.

शारजाला आले ती थेट बेसमेंटमध्ये. बॅग तशीच बाजूला, आणि ह्यांना परत सीटवर ठेवलं, पट्टा लावला. आणि कशाला खोटं बोलू, माझा जीव भांड्यात पडला. तेव्हा कुठे मला कळलं, त्या फाटकाशी बाई नाही म्हणाली तेव्हाही असाच पडला होता. त्या वळणावर मी नदीची बाजू घेतली, खरीच घेतली, बाई बोलली ते सगळं मला पटलं होतं. पण ती हो म्हणाली असती तरी माझे हात सुटले असते का, देव जाणे.

पुढे लेक फोन करायची तो नातीला दाखवायला. कॅमेरा नातीवर, आवाज मागून. दात आला, उभी राहिली, एवढंच. मी शाळा, डबा, संध्याकाळी बेसमेंट. दिरांनी पुन्हा निरोप पाठवला, आता तरी. मी म्हटलं, मुलीला यायचंय, ती आली की करू. शेजारणीला तेच सांगितलं, देवळात भेटलेल्या बायकांना तेच. सगळ्या म्हणाल्या, बरोबर आहे, मुलीसाठी थांबायलाच हवं. मला आयतं कारण मिळालं होतं.

मग गेल्या शुक्रवारी तिचा फोन आला. कॅमेरा ह्या वेळी तिच्यावर. डोळ्यांखाली काळं झालेलं, केस कसेतरी बांधलेले, अगदी बापासारखी दिसत होती. म्हणाली, ती बाई बोलली ते रोज डोक्यात येतं, बाबा एकटे पडतील ते. मग विचारलं, मुचकुंदीला जायचं कसं? मी सांगितलं, मुंबईला उतरायचं, गाडीनं लांजा, तिथून रिक्षा. घाट उतरला की डावीकडे पुलाखाली उतरायला वाट आहे, हे तिथेच पोहायला शिकले. ती ऐकत राहिली, मध्ये एकदाही इंग्रजीत बोलली नाही. म्हणाली तिनं तिकिटं काढली आहेत. नातीला घेऊन ती आधी शारजाला येणार, मग आम्ही तिघी मिळून ह्यांना घेऊन जाणार. काकांशी तीच बोलली होती, त्यांनी भटजी ठरवले, दिवस ठरवला. पुढच्या महिन्यात. सगळं झालंय, म्हणाली, तुला काहीच करायचं नाही.

मी म्हटलं, छान झालं. ये. मग तिला सांगितलं की नातीसाठी गरम कपडे नकोत, तिथे उकडतं. आणि तांदळाची पेज चालते का तिला, ते विचारलं.

ती माझ्याकडे बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "आई, तुला जमेल ना?"

न जमायला काय झालं, म्हटलं. सगळ्यांनाच करावं लागतं. आणि आधणाचं निमित्त करून फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

नाही जमणार मला.